कुमुदताईंची उडी मारणारी माणसं

कुमुदताई बर्वे सिनेमा बघताना कुणाचा चेहरा बघत नसत. त्या पाय बघत. रस्त्यावरून चालणारी माणसं, बसमधून उतरणारी माणसं, देवळात प्रदक्षिणा घालणारी माणसं, सगळ्यांचे आधी पाय. माझी त्यांची ओळखही पायामुळेच झाली.

आम्ही आयर्लंडमधल्या एनिसला राहायला आलो त्या वर्षीच्या दिवाळीत इथल्या मराठी मंडळींनी एका शाळेचा हॉल भाड्याने घेतला होता. कुणाच्या तरी डोक्यात लेझीम आली. शॅननजवळच्या कारखान्यात हृदयात घालायच्या नळ्या बनवणारे आम्ही चार-सहा जण, कुणी दिवसपाळीचं, कुणी रात्रपाळीचं, जमेल तेव्हा सराव करून एकदाचे नाचलो. घाम पुसत बाजूला झालो तर सुती साडीवर करडा ओव्हरकोट आणि पायात पळायचे बूट घातलेल्या एक बाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. सत्तरीच्या पुढच्या. बारीक अंगकाठी, आवाज इतका खालचा की पुढे वाकून ऐकावं लागलं.

"उजवा गुडघा कधीपासून दुखतोय?"

मी म्हटलं, नाही दुखत.

"दुखतोय. तू प्रत्येक वेळी डाव्यावर उतरतोस. दाखवून घे." एवढं सांगून त्या चकलीच्या टेबलाकडे गेल्या. पुढे काही महिन्यांनी जिना उतरताना तो गुडघा असा काही धरला की मला भिंतीला टेकून उभं राहावं लागलं. डॉक्टरांनी सांगितलं की हे दुखणं जुनं आहे, तुम्हाला कळलं कसं नाही. तेव्हा मला त्या बाई आठवल्या आणि मी त्यांचं घर शोधत गेलो.

घर नदीच्या अलीकडे, एका उताराच्या गल्लीत होतं. डॉक्टर बर्वे, त्यांचे यजमान, इथे भूलतज्ज्ञ होते. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. कुमुदताईंनी मला आत घेतलं, खुर्ची दाखवली आणि म्हणाल्या, "चहाची पूड प्रेसमध्ये आहे, तेवढी काढ." मी इस्त्रीच्या आसपास चहाची पूड शोधत राहिलो. इथले लोक कपाटाला प्रेस म्हणतात हे मला तोवर माहीत नव्हतं. चाळीस वर्षं आयर्लंडमध्ये राहून त्यांच्या मराठीत एवढा एकच शब्द इथला शिरला होता. बाकी मराठी मिरजेची, जुन्या वळणाची. आणि प्रत्येक तिसऱ्या वाक्याला "असू दे." कप फुटला, असू दे. पाऊस आला, असू दे. सरकार पडलं, असू दे. ऐकणाऱ्याला वाटावं की या बाईने सगळ्याचा नाद सोडलाय.

तसं नव्हतं. एका गोष्टीचा नाद त्यांनी सोडला नव्हता, आणि ती गोष्ट इतकी चमत्कारिक होती की मी ती सुप्रियाला, माझ्या बायकोला, घरी येऊन सांगितली तेव्हा तिचा विश्वास बसेना. रशियातले अगदी सुरुवातीचे मूकपट, आणि त्या मूकपटांत काम केलेली सर्कशीतली माणसं.

याची सुरुवात मिरजेतच झाली होती. कुमुदताईंचे वडील जनावरांचे डॉक्टर. त्या भागात सर्कशींचे मुक्काम पडायचे तेव्हा हत्तीच्या पायाला किंवा घोड्याच्या पोटाला काही झालं की त्यांना बोलावणं यायचं. ते मुलीला बरोबर न्यायचे. कुमुदताईंनी खेळ फार बघितले नाहीत. त्यांनी बघितलं ते खेळ नसतानाचं. झुल्यावरची बाई सराव संपवून, बादलीतल्या कोमट पाण्यात पाय सोडून मेथी निवडत बसलेली. तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेला विदूषक, रंग न लावलेला. "वर असताना ती सगळी हसायची रे," त्या म्हणायच्या. "खाली आल्यावर कशी दिसतात ते तिकीट काढणाऱ्याला कधी दिसत नाही."

पुढे शिष्यवृत्ती मिळाली आणि त्या सिनेमाचा इतिहास शिकायला मॉस्कोला गेल्या. तिथे मूकपट बघताना त्यांना खाली आलेली तीच माणसं दिसली. हे त्यांनी मला अनेकदा समजावलं. तिथल्या सुरुवातीच्या सिनेमात नट यायचे ते नाटकातून. ते उभ्या उभ्या रडायचे उत्तम, पण खिडकीतून उडी टाका म्हटलं की हातपाय गळायचे. मग सर्कशीतून माणसं आणायची. कसरतपटू, घोडेस्वार, पहिलवान, विदूषक. क्रांती झाल्यावर जे तरुण दिग्दर्शक आले त्यांना नाटकापेक्षा सर्कसच जास्त आवडायची, तेव्हा तर ही माणसं आणखी आली. छपरावरून उड्या मारल्या, धावत्या घोड्यावरून लोंबकळली, आणि पुष्कळांची नावं पडद्यावर कधी आलीच नाहीत. कुमुदताईंना त्यांच्यावर प्रबंध लिहायचा होता. मार्गदर्शकांनी सांगितलं, मुली, दिग्दर्शकावर लिही, लवकर संपेल. त्यांनी ऐकलं नाही.

त्या काळातला एक म्हातारा कसरतपटू त्यांनी शोधून काढला होता. मात्वेई आजोबा. एका मोठ्या जुन्या घरात, अनेक कुटुंबांत एक स्वयंपाकघर, त्यातल्या एका खोलीत राहायचा. कुमुदताई टेप घेऊन गेल्या. त्याने त्यांना बटाट्याची पोती वर आणायला लावली, कांदे सोलायला लावले आणि सिनेमाबद्दल एक अक्षर सांगितलं नाही. त्या रविवारमागून रविवार जात राहिल्या. शेवटी एकदा तो वैतागून म्हणाला की मी आयुष्यभर रोज संध्याकाळी सर्कस केली, आणि तू मला मी दुपारी काय केलं ते विचारतेस. सिनेमाचं काम म्हणजे त्याच्या लेखी दुपारचं काम. उजेडात बोलवायचे, उडी मारायला सांगायचे, सूप द्यायचे, सोडायचे.

"मग काय केलंत?" मी विचारलं.

"काय करणार. कांदे सोलले."

पण त्यानंतर तो त्यांना पडायला शिकवू लागला. त्या छोट्या खोलीत, गादी अंथरून, साडी खोचलेल्या मराठी मुलीला. पडताना श्वास सोडायचा, हनुवटी आत, हात कधी पुढे करायचा नाही. कुमुदताई म्हणायच्या, प्रबंधासाठी मी जमवलं त्यातलं एवढंच उपयोगी पडलं. एका हिवाळ्यात त्या इथल्या बाजारात बर्फावरून घसरल्या तेव्हा मी बरोबर होतो. माझ्या हातून त्यांचा हात सुटला आणि त्या एखादी चादर घसरावी तशा खाली गेल्या. लोक धावले. त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या की काही नाही, फक्त अंडी फुटली असतील. अंडीही फुटली नव्हती.

प्रबंध पुरा झाला नाही. वडील आजारी पडले म्हणून त्या मिरजेला परत आल्या, वडील गेले, लग्न झालं, आणि डॉक्टरांना इथे नोकरी मिळाली म्हणून त्या एनिसला आल्या. त्या काळी रशियाची विमानं अटलांटिक ओलांडण्याआधी इंधन भरायला शॅननला उतरायची. रशियन बोलणारं माणूस हवं होतं. कुमुदताईंना विमानतळावरच्या दुकानात नोकरी लागली. वर्षानुवर्षं त्यांनी थकलेल्या प्रवाशांना साबण आणि चॉकलेटं विकली. "मॉस्कोत शिकलेली भाषा मी सगळी साबणावर खर्च केली," हे त्या हसून नाही, साधं सांगायच्या, जसं कुणी आपल्या गावाचं नाव सांगतं.

एकदा धुक्यामुळे विमान अडकलं आणि त्यात एक अख्खी सर्कस होती. क्यूबाला निघालेली. कुमुदताईंची पाळी संपली होती, पण त्या घरी गेल्या नाहीत. त्यांना वाटलं, आता विचारावं, तुमच्यातल्या जुन्या कुणी सिनेमात काम केलं होतं का. पण ती माणसं जमिनीवर आडवी झाली होती. ओळीने, एकमेकांच्या पोटावर डोकं ठेवून. त्या नुसत्या बघत बसल्या. उठवायचा धीर झाला नाही. धुकं हटलं, घोषणा झाली, सगळे एकदम उठले, कपडे झटकले आणि गेले. डॉक्टर त्यांना घ्यायला आले होते. त्यांनी विचारलं, काय मिळालं? तर या म्हणाल्या, झोप. डॉक्टर बर्वे या सगळ्याला 'तुझी उडी मारणारी माणसं' म्हणायचे. ते गेल्यानंतर कुमुदताईही तसंच म्हणू लागल्या.

गुडघ्याच्या निमित्ताने मी जाऊ लागलो तो जातच राहिलो. त्यांच्या लॅपटॉपची वायर टीव्हीला जोडून द्यायची आणि बसायचं. मला खरं सांगायचं तर त्यांतले बरेचसे मूकपट कंटाळवाणे वाटायचे. बारा तासांची पाळी करून आलेला मी, अंधारलेली खोली आणि आवाज नसलेला सिनेमा. मी हमखास झोपायचो. पहिल्यांदा जागा झालो तेव्हा शरमलो. कुमुदताईंनी माझ्या अंगावर शाल टाकली होती. म्हणाल्या, "झोपत जा. मूकपटात झोपलं तर ऐकायचं काही राहत नाही."

पण एक तुकडा मी कधी झोपेत घालवला नाही. कुठल्या सिनेमातला होता ते कुणालाच माहीत नव्हतं. पुढचं-मागचं सगळं नष्ट झालेलं, मधलं एवढंच उरलेलं. एक बाई कौलांवरून धावत येते आणि खाली चाललेल्या गवताच्या गाडीवर उडी टाकते. नायिकेचे कपडे, पण नायिका ही नाही, तिच्याऐवजी उडी मारणारी. उडी लखलखीत. गवतात पडते, उठून बसते, आणि इथे खरं तर दृश्य संपायला हवं, पण कॅमेरा थोडा वेळ चालूच राहिलेला. त्या बाईला वाटतं, झालं. तिचे खांदे खाली येतात. ती डोळे मिटते. बस्स, एवढंच. कुमुदताई तिथे थांबवायच्या. "ही माझी बाई," म्हणायच्या. तिचं नाव त्यांना कधी कळलं नाही.

युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि एनिसच्या हॉटेलांत तिकडून आलेली बायका-मुलं राहू लागली. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना रशियनही समजायचं, पण गावात ती भाषा बोलणारी माणसं किती असणार. कुमुदताईंना बोलावणं आलं आणि त्या दुभाषी म्हणून जाऊ लागल्या. शाळेत, दवाखान्यात, सरकारी कचेरीत. पैसे त्यांनी घेतले नाहीत. पहिल्याच आठवड्यात एका तरुण आईने त्यांना शांतपणे सांगितलं की तुमचं बोलणं मला समजतं, पण माझ्या मुलाशी या भाषेत बोलू नका. मी बाहेर गाडीत थांबलो होतो. त्या येऊन बसल्या आणि बराच वेळ पट्टा लावेनात.

"बरोबर आहे तिचं," अखेर म्हणाल्या. "माझं कुणी घर पाडलं असतं तर मीही पाडणाऱ्याची भाषा कानात घेतली नसती."

त्यानंतर त्या आधी इंग्रजीत विचारू लागल्या, कुठल्या भाषेत बोलू? आणि त्या वयात युक्रेनियन शिकायला बसल्या. स्वयंपाकघराच्या भिंतीवर अक्षरं लावली. सुप्रिया म्हणायची, ताई, झेपेल का? त्या म्हणायच्या, नाही झेपत. आणि पुन्हा पुस्तकात डोकं घालायच्या. त्या दिवसांत त्या फार थकलेल्या दिसायच्या. दुसऱ्याचं दुःख दिवसभर आपल्या तोंडाने बोलायचं, तेही 'मी' म्हणून. माझा नवरा सापडत नाही. माझी आई तिथेच राहिली. संध्याकाळी स्वतःबद्दल बोलायला त्यांच्याकडे आवाज उरत नसे.

ल्युदमिला त्यांना अशीच भेटली. खारकिव्हची, सत्तरीला टेकलेली, रुंद खांद्यांची, केस अगदी बारीक कापलेले. कमरेचं दुखणं घेऊन डॉक्टरांकडे आली होती. डॉक्टरांनी विचारलं, आधी कधी पडला होतात का. बाई जरा हसली आणि थकली असावी, कारण इतका वेळ युक्रेनियन बोलत होती ती रशियनवर आली आणि कधी, कशावरून, कुठल्या अंगावर पडली ते सांगू लागली. कुमुदताई भाषांतर करायच्या थांबल्या. डॉक्टर वाट बघत राहिले. पडण्याच्या प्रकारांना ती बाई जे शब्द वापरत होती ते कुमुदताईंनी मात्वेई आजोबांच्या खोलीनंतर कुठेही ऐकले नव्हते. ल्युदमिला आयुष्यभर सर्कशीत होती. आधी झुल्यावर, मग मुलांना शिकवायला.

कुमुदताईंनी त्यातल्याच एका शब्दाने तिला काहीतरी विचारलं. ल्युदमिलाने मान वळवून या साडीतल्या म्हातारीकडे पाहिलं. डॉक्टरांनी खाकरून विचारलं, काय चाललंय? कुमुदताई म्हणाल्या, माफ करा, त्या म्हणतायत की पुष्कळदा.

नेमकं त्याच सुमारास गावच्या ग्रंथालयात त्यांचं व्याख्यान ठरलं होतं. ग्रंथपाल ऊना, मोठी उत्साही बाई, बरीच वर्षं मागे लागली होती की तुमचे मूकपट एकदा गावाला दाखवा. कुमुदताईंनी होकार दिला होता तो युद्धाच्या आधी. आता भित्तिपत्रकं छापून आली. त्यांवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, सुरुवातीच्या रशियन मूकपटांतले सर्कस कलावंत. एक पत्रक हॉटेलसमोरच्या दुकानाच्या काचेवर लागलं.

कुमुदताईंनी ते पाहिलं आणि त्याच दिवशी ऊनाला कळवलं की घसा बसलाय, व्याख्यान रद्द कर. घसा ठणठणीत होता. मी रागावलो. मी म्हटलं, ताई, तुम्ही अख्खं आयुष्य यासाठी थांबलात. हे सिनेमे करणाऱ्यांचा आणि आजच्या लढाईचा काय संबंध?

"संबंध नाही हे मला कळतं, तुला कळतं. खिडकीतून तो कागद बघणाऱ्या बाईने का म्हणून समजून घ्यायचं?" त्या म्हणाल्या. "असू दे. इतकी वर्षं नाही बोलले तर काही अडलं का कुणाचं?"

पण या वेळचं 'असू दे' नेहमीचं नव्हतं. पुढचा आठवडाभर त्यांनी लॅपटॉप उघडला नाही.

ल्युदमिलाला हे हॉटेलात कळलं. मी त्या दिवशी कुमुदताईंकडे गळका नळ बघत होतो. दार वाजलं आणि ती आत आली, कोटही न काढता स्वयंपाकघरात उभी राहून बोलू लागली. काय बोलत होती ते मला नंतर कळलं. आमच्यामुळे रद्द केलंस म्हणे. मला विचारलंस? मी काय लहान मूल आहे, की माझ्यासमोरून काय हटवायचं ते तू ठरवावंस? मी येणार नाही. तो शब्द लिहिलेल्या कागदाखालून मी आत येणार नाही, ते माझं. पण तू बोलणार, ते तुझं. माझ्या नावावर गप्प बसू नकोस.

कुमुदताई खुर्चीत बसून ऐकत होत्या. मग त्यांनी उठून तिच्यासाठी चहा केला, काळा, ग्लासात, लिंबू पिळून. चहा पिऊन झाल्यावर ल्युदमिलानेच विचारलं की असं आहे तरी काय त्यात? कुमुदताईंनी वायर जोडायला मला बोलावलं.

त्यांनी बाकी काही दाखवलं नाही. कौलांवरच्या बाईचा तुकडा लावला. उडी झाली. गवतातून बाई उठून बसली, खांदे खाली आले, डोळे मिटले. कुमुदताईंनी तिथे थांबवलं आणि वाट बघत राहिल्या. मला वाटतं, त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच कुणाच्या तरी उत्तराची भीती वाटत होती.

ल्युदमिला पडद्याकडे बघत म्हणाली, "तिला घरी जायचंय."

आणि ग्लास उचलून धुवायला गेली. पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. कुमुदताईंनी टीव्ही बंद केला नाही. आम्ही दोघं बसून राहिलो.

व्याख्यान झालं, पुढच्या महिन्यात. पत्रकावरचा शब्द बदलायचा का, यावर ऊना आणि कुमुदताईंचं बरंच बोलणं झालं आणि शेवटी तो तसाच राहिला. सिनेमे तिथले होते, खोटं कसं लिहायचं, असं कुमुदताईंचं म्हणणं. माणसं फार आली नाहीत. ऊब मिळते म्हणून ग्रंथालयात येणारे काही म्हातारे, आम्ही मराठी घरं, ऊनाच्या मैत्रिणी. कुमुदताई कागद न बघता बोलल्या. ज्यांना त्या इतकी वर्षं ओळखत होत्या त्या माणसांबद्दल शेजाऱ्यांबद्दल बोलावं तसं बोलल्या. हा घोडेस्वार लाजाळू होता, बघा, कॅमेऱ्याकडे पाठ करतो. हा पहिलवान दोन वेगळ्या सिनेमांत दिसतो आणि दुसऱ्यात लंगडतो, मध्ये काय झालं ते कुणी लिहून ठेवलं नाही.

मधेच मागच्या दाराशी एक तरुण उभा राहिला. हॉटेलातला. त्याने हात वर केला आणि फार सभ्यपणे, अडखळत इंग्रजीत विचारलं की हे आत्ताच का दाखवता. ऊना उठायला लागली. कुमुदताईंनी हातानेच तिला बसवलं.

"कारण मी म्हातारी आहे आणि माझ्याकडे नंतर नाही," त्या म्हणाल्या. "यांतले पुष्कळजण तुझ्या गावांचे होते, हेही मला आज सांगायचंय. पण तुला बघवत नसेल तर तू जा. मला वाईट वाटेल, राग येणार नाही."

तो गेला नाही, बसलाही नाही. दाराला टेकून थोडा वेळ बघत राहिला. मग कधीतरी गेला. दार त्याने इतकं हळू ओढून घेतलं की मला वळून बघितल्यावरच कळलं.

कुमुदताईंनी पुढे बोलायचा प्रयत्न केला, पण त्यांचा आवाज खाली खाली जात थांबला. खरंच थांबला. त्या म्हणाल्या की मी आता थकले आहे, तुम्ही बघा. आणि पहिल्या रांगेत सुप्रियाच्या शेजारी येऊन बसल्या. उरलेले तुकडे कुणी काही न सांगता एकामागून एक चालत राहिले. छपरं, घोडे, दोऱ्या, उड्या. तशा शांततेत मी कधी सिनेमा बघितला नव्हता. एक म्हातारा आयरिश गृहस्थ शेवटी कुमुदताईंचा हात हातात घेऊन म्हणाला, ग्रँड, अगदी ग्रँड. इथे हा शब्द कशालाही लावतात, पण त्याचे डोळे भरले होते.

आम्ही बाहेर आलो तर समोरच्या दुकानाच्या छपराखाली ल्युदमिला उभी होती. भाजीची पिशवी हातात. ती आत आली नव्हती, आणि आपण इथे योगायोगाने आहोत असंही तिने दाखवलं नाही. रस्ता ओलांडून आली, कुमुदताईंच्या गळ्यात मफलर नाही म्हणून त्यांच्यावर खेकसली, आणि त्यांच्या दंडाला धरून चालू लागली. मी गाडीने सोडतो म्हटलं. कुमुदताई म्हणाल्या, नको, आम्ही जाऊ.

त्यानंतर मला कुमुदताई कमी भेटू लागल्या. कारण त्यांना आता माझी गरज नव्हती, आणि त्याचं मला बरंच वाटलं. घरात त्या दोघी रशियनमध्ये बोलायच्या, रस्त्यावर इंग्रजीत, आणि भांडायच्या युक्रेनियनमध्ये, कारण त्यात कुमुदताईंना पुरेसे शब्द येत नसत आणि भांडण लवकर संपे. ल्युदमिला हॉटेल सोडून त्यांच्या मागच्या खोलीत राहायला आली. प्रबंधाचं पुन्हा काही झालं नाही. सुप्रियाने एकदा विचारलं तेव्हा म्हणाल्या की बोलून झालं, आता लिहायची ताकद नाही.

पुढच्या शरद ऋतूत कुमुदताई गेल्या. दुपारी, खुर्चीत. ल्युदमिलाने मला फोन केला आणि तिच्या तोडक्या इंग्रजीत फक्त पत्ता सांगितला, जणू मला तो माहीत नव्हता. अंत्यविधीला आम्ही सगळे होतो. पण तो दिवस मला फारसा आठवत नाही.

मला आठवतो तो त्याआधीचा उन्हाळा. आम्ही लाहिंचला समुद्रावर गेलो होतो. ऊन होतं, पण वारा असा की माणसं बोलताना एकमेकांच्या कानाशी येत होती. सुप्रिया चिप्स आणायला गेली आणि मला लांब, पाण्याच्या कडेला, करडा ओव्हरकोट दिसला. कुमुदताई. त्यांच्या हातांवर ल्युदमिलाचा मोठा तपकिरी कोट होता, झोपलेलं मूल घ्यावं तसा दोन्ही हातांनी धरलेला. ल्युदमिला पाण्यात होती. त्या गार समुद्रात, लाटांच्या पलीकडे, तिचं बारीक केसांचं डोकं वर येत होतं, दिसेनासं होत होतं, पुन्हा वर येत होतं.

मी हाक मारली. वाऱ्यात ती पोचली नाही. मग पुन्हा मारली नाही. कुमुदताईंच्या साडीचा काठ पाण्यात भिजत होता, त्यांना पत्ता नव्हता. त्या नजर न हलवता पाण्याकडे बघत उभ्या होत्या. बऱ्याच वेळाने ल्युदमिला कमरेत जराशी वाकत, पाणी तुडवत बाहेर आली. कुमुदताई दोन पावलं पुढे झाल्या, टाचा उंचावून त्यांनी तो कोट तिच्या ओल्या खांद्यांवर घातला, पुढून ओढून घेतला, आणि वरची गुंडी लावू लागल्या. थंडीने बोटं वळत नसावीत. ल्युदमिला मान वर करून उभी राहिली, गुंडी लागेपर्यंत.